बर्डीवरची मिरची

डोंगर बघायला जायचं म्हटल्यावर आमच्या गावातले लोक आधी पोट धरून हसले. माणूस डोंगरात जातो तो लाकडं आणायला, चुकलेलं वासरू शोधायला, नाहीतर नवस फेडायला. नुसता बघायला? अहो, तो तर अंगणातूनच दिसतो! शेजारच्या काकूनं मायला विचारलं, "डोंगर काय पयी जाई ऱ्हायना का?" पळून चाललाय का तो? माय सूप पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "डोंगर नही व बाई, मन्हा डोया पयी जाई ऱ्हायनात." डोळे पळून चाललेत माझे.

खरंच होतं ते. धुळ्याच्या डॉक्टरांनी मायला काचबिंदू सांगितला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण ह्याला इलाज नाही, नजर कडेकडेनं मिटत जाणार आणि एक दिवस पुरती बंद होणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. येताना गाडीत आबा, म्हणजे माझे वडील, बाहेरची पिकं बघत बसले. मायच मला समजावत होती, फुंकणीतून बघावं तसं दिसतं गं, समोरचं सगळं दिसतं, बाजूचं नाही. सुईत दोरा ती माझ्याआधी ओवायची आणि उठून दोन पावलं टाकली की दाराच्या चौकटीला धडकायची. मग चौकटीलाच शिव्या. "आठे काबर उभी ऱ्हायनी, मसनी!" आम्ही हसायचो, तीही हसायची. काय करणार?

आमचं गाव म्हसावदच्याही वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गुजर शेतकऱ्यांची वस्ती, काळी जमीन, विहिरी आणि उत्तरेला डोंगराची भिंत. माय लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून रोज सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून तिनं सडा टाकला होता. पण डोंगर चढली नव्हती. चढेल कशी? काम कोण करणार? डोळ्यांचं कळल्यावर मी तिला विचारलं, "माय, कुठं जायचंय तुला? काशीला नेऊ?" ती म्हणाली, "काशी राहू दे. डोया बंद व्हतीन त्याना आगोदर एकदाव वरतून आपलं घर देखनं शे." इतकी वर्षं घरातून डोंगर पाहिला, आता एकदा डोंगरावरून घर पाहायचं. एवढंच हवं होतं तिला.

आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "आठून डोंगर दिसस, तठून घर दिसी. त्यामा काय देखनं?" आणि खळ्यावर निघून गेले.

मी तेव्हा नंदुरबारला राहायची. आमचे हे स्टेशनावर तिकिटं फाडायचे, आणि शेजारी एक मास्तर राहायचे, हायस्कुलात शास्त्र शिकवणारे, मूळचे पुण्याकडचे. झाडापाखरांचं त्या माणसाला वेडच होतं. बोलता बोलता मध्येच बोट वर करून "ऐका!" म्हणायचे आणि आपण मूर्खासारखं गप्प बसायचं, काही तरी कुठं तरी चिवचिवलेलं असायचं. त्यांनी त्या साली माघात शनिवार-रविवारची निसर्ग-सहल काढायचं ठरवलं. स्वतः वाटाड्या बरोबर घेऊन डोंगरात हिंडवणार, सकाळी पाखरं, दुपारी झाडं, संध्याकाळी दगडधोंडे समजावून सांगणार. शाळेतली मोठी मुलं तर होतीच, पण गावातल्या कुणालाही यायला मोकळीक होती. मी मायचं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मावशींना आणा. पहिल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आपण कड्यावर असू. तिथून तुमचं सगळं शिवार पायाखाली दिसतं." मास्तरांच्या तोंडी "सूर्य मावळायच्या आत" हे शब्द म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नंदुरबारातून येणारं दुसरं मोठं माणूस म्हणजे घड्याळवाले चाचा. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. निसर्गाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण त्यांच्याकडे दुर्बीण होती, आणि दुर्बिणीशिवाय मास्तरांची पाखरं म्हणजे नुसते ठिपके. मास्तरांनी दुर्बीण मागितली तर चाचा म्हणाले, "दुर्बीण नहीं देता. दुर्बीण के साथ मैं आता." आणि आले! गळ्यात दुर्बीण, तिच्यावर मखमलीचा तुकडा, आणि कुणी जवळ गेलं की "शीशे को हाथ नको!" आमच्या नंदुरबारची बोली अशीच, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं.

आता आबांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आबा मिरचीवाले. आमच्याकडे पिकं बरीच, पण त्यांचा जीव मिरचीत. नंदुरबारच्या बाजारात ढीग ओतला की व्यापारी नाव न विचारता ओळखायचे, हा अमक्याचा माल. असा तो रंग, कुंकवासारखा. त्या रंगासाठी माघाच्या उन्हात मिरची खळ्यावर पसरायची, पायानं उलथत राहायची, आणि दिवस बुडायच्या आत गोळा करून गोणपाटाखाली झाकायची. सकाळी दव पुरतं उडाल्याशिवाय पुन्हा पसरायची नाही. ओल्यात मिरची राहिली की तिच्या सालीवर पांढरे डाग पडतात. तिला म्हणायचं फटकी. फटकी मिरची म्हणजे मिरचीवाल्याच्या तोंडाला काळं. "मिरचीले दोन दुश्मन," आबा म्हणायचे, "एक दव नि एक दलाल."

ह्या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नसत. माझं लग्न माघातच, गोरज मुहूर्तावर झालं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि वधूपिता कुठाय? वधूपिता खळ्यावर! दिवस बुडत होता ना. काकांनी कन्यादानापुरतं त्यांना ओढून आणलं तेव्हा त्यांच्या हातांना तिखट लागलेलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मग मी तोच हात डोळ्यांना लावला. बाया म्हणाल्या, पोरगी माहेरासाठी किती रडतेय! कसलं माहेर, डोळ्यांत आग पडली होती. ह्याचा राग मी बरीच वर्षं धरून होते आणि दर दिवाळीला आबांना ऐकवायची. ते म्हणायचे, "लगीन तं व्हईच जातं, मिरची ऱ्हाई जाती ना."

तर शनिवारी उजाडताच मास्तरांची फौज गाड्यांतून आमच्या अंगणात उतरली. मायनं सगळ्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि दही खायला घातलं. मास्तर अंगणात उभे राहून डोंगराकडे बोट करून मायला कडा दाखवत होते. म्हणाले, "मावशी, एक अडचण आहे. वरून सगळी गावं सारखीच दिसतात. छपरं मातीच्या रंगाची, शेतं पिवळी. तुमची मिरची पसरलेली असते ती दिसली असती, लाल रंग लांबून उठतो. पण तुमचं खळं पडलं आमराईच्या मागं, ते झाडांनी झाकलं जाणार." माय म्हणाली, गाव दिसलं तरी पुष्कळ. मग मास्तरांना दुसरी कल्पना सुचली. चाचांकडे दाढीचा आरसा होता. कड्यावर पोहोचलो की आरशानं उन्हाचा कवडसा खाली गावाकडे पाडायचा, म्हणजे खालच्यांना कळेल की मंडळी पोहोचली. पोरं खूश झाली. आबा बैलांना वैरण टाकत होते, त्यांनी मान वर केली. मास्तर त्यांना म्हणाले, "आबा, तुम्ही इकडून बघा हं!"

"मन्ही मिरची काय नवरी शे, तिले आरसा दखाडाले?" आबा म्हणाले, आणि फडकं झटकून चालू लागले. माय माझ्या कानात म्हणाली, "देख, कसा बोलस. जसा आरसा त्यालेच दखाडनार शेतस."

वाटाडी मायचीच मैत्रीण निघाली. डोंगरातली पावरा आदिवासी बाई, मायच्याच वयाची, अंगानं काटक, दंडात चांदीचं जाड कडं. म्हसावदच्या बाजारात ती चारोळी आणि डिंक घेऊन यायची, माय मिरची न्यायची, आणि दोघी आपसात अदलाबदल करायच्या. इतक्या वर्षांची ओळख, पण दोघींनी एकमेकींचं घर पाहिलं नव्हतं. ती आमच्या घरी येऊन उभी राहिली, मायकडे पाहिलं, मायनं समोरचा खांब चुकवताना हात पुढे केला तो पाहिला, आणि काही न विचारता मायच्या डाव्या बाजूला आली. दोन्ही दिवस ती बाजू तिनं सोडली नाही. उजवीकडून मी होतेच.

चढ सुरू झाला आणि मास्तरांचा शास्त्राचा तासही सुरू झाला. हा धावडा, हा सालई, हा अंजन. पोरं मागं बोरं खात होती. मायला मात्र सगळं ऐकायचं होतं. "मास्तर, हाई काय शे?" म्हणून ती नजरेच्या त्या छोट्या भोकात आलेलं प्रत्येक झाड विचारायची. एका वळणावर ती एकदम थांबली. "लाल!" म्हणाली. "मास्तर, मिरची!" मिरची कुठली तिथं? सावर फुलली होती. पान एक नाही आणि सगळ्या फांद्यांवर तांबडी फुलं. मास्तरांनी एक फूल तिच्या हातात दिलं, तिनं ते डोळ्यासमोर धरलं, हुंगलं, आणि जरा खट्टू होऊन म्हणाली, "हाई तं मिरची नही. पण लाल दिसस माले अजून." एवढ्यावर ती इतकी खूश झाली की पुढचा अर्धा घाट बोलत चढली. मला उगीच रडू यायला लागलं, म्हणून मी पोरांवर ओरडले.

पुढं मास्तरांना एक पाखरू दिसलं. लांब शेपटीचं, पांढरं. अहाहा, काय ते मास्तरांचं नाचणं! "चाचा, दुर्बीण!" चाचांनी मखमल काढली, आधी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कहां है? झाडच दिखता है." मास्तर म्हणाले, अहो डावीकडं! चाचा म्हणाले, डावीकडंच आहे मी! तोवर पाखरू उडालं. मग मास्तर त्याच्या मागं नाल्यात उतरले, चाचा दुर्बीण सांभाळत त्यांच्या मागं, आणि आम्ही दगडावर बसून राहिलो. वाटाड्या बाईनं आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि खो खो हसली. मी विचारलं, काय म्हणाली? माय म्हणाली, "ती म्हनस, आम्हले ते पाखरू रोज दिसस, पण हाऊ असा मानूस पहिलांदाव दिसना."

त्यात उशीर झालाच होता. आणि मग वाटेत बाईचं घर आलं.

कुडाची भिंत, सागाच्या पानांचं छप्पर, अंगण शेणानं सारवलेलं. मास्तर म्हणाले, पाणी पिऊ आणि निघू. बाई दारात आडवी उभी राहिली. डोंगरातली रीत अशी की दारावरून पाहुणा उपाशी गेला तर घराला ते लागतं, आणि हा तर साधा पाहुणा नव्हता, बाजारातली इतक्या वर्षांची मैत्रीण पहिल्यांदा घरी आलेली. "मन्हा दारवरून उपाशी जाशात," ती मास्तरांना म्हणाली, "तं आज बी वाट दावाव नही नि उद्या बी नही." झालं! वाटाडीच रुसली तर जाणार कुठं? मक्याच्या भाकरी आमच्यासमोर भाजल्या, उडदाची दाळ नव्यानं शिजायला टाकली. दाळ शिजायला काय वेळ लागतो ते बायकांना विचारा. मी सारखी उन्हाकडे बघत होते. माय मात्र चुलीजवळ ठाण मांडून बसली होती, मैत्रिणीची मडकी, उखळ, कोंबड्या सगळं त्या फुंकणीतून एकेक करून न्याहाळत. मायनं कनवटीला बांधून आणलेल्या लाल मिरच्या दाळीत पडल्या. अशी दाळ मी पुन्हा खाल्ली नाही. पण जेवून हात धुतले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

आम्ही जवळजवळ पळत चढलो. मायला दोन्हीकडून धरून, लुगड्याचे काष्टे खोचून. कड्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. खाली चुलींचा धूर शिवारावर पसरला होता आणि सगळं राखेसारखं झालं होतं. गाव नाही, झाड नाही, काही नाही. आरसा चाचांच्या खिशातच राहिला. मायनं बराच वेळ त्या राखेकडे तोंड करून पाहिलं. मग म्हणाली, "चाला. दिसी तं दिसी, नही तं नही." आवाज अगदी साधा होता. त्या आवाजाचाच मला त्रास झाला.

मुक्काम जवळच जंगलखात्याच्या कौलारू खोलीत होता. शेकोटीपाशी मास्तर उद्याचं सांगायला लागले. सकाळी पलीकडच्या दरीत झरे पाहायचे, तिकडं एक दुर्मिळ नेचं आहे, आणि मग दुसऱ्याच घाटानं उतरायचं. मी ऐकून घेतलं. मग माझं तोंड सुटलं. "मास्तर, तुमचं नेचं पुढच्या वर्षी पण तिथंच असेल. माझ्या मायचे डोळे असतील का? शेपटीच्या पाखरामागं तुम्ही नाल्यात उतरलात, आता झऱ्यामागं दरीत उतरणार. उद्या सकाळी आम्ही दोघी कड्यावर जाणार. तुम्ही यायचं तर या, नाहीतर त्या नेच्याची पूजा घाला!" परपुरुषाशी, त्यातून मास्तरांशी, असं बोलायची पद्धत नव्हती. माय माझा पदर ओढत होती. चाचा मात्र मान हलवून म्हणाले, "बेटी सही बोलती है. दुर्बीण कड्यावर जाणार. जिसको आना है आओ." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "माझंच चुकलं, मावशी," म्हणाले, "सकाळी आधी कडा." माणूस सोन्यासारखा होता, फक्त त्याच्या घड्याळात पाखरं बसलेली होती.

सकाळी सूर्य वर आल्याबरोबर निघालो. गवत दवानं इतकं भिजलं होतं की आमच्या लुगड्यांचे काठ ओलेचिंब होऊन पायांना चिकटत होते. थंडी मी म्हणत होती. कड्यावर आलो. तापीच्या बाजूला लांब धुकं होतं, पण आमच्या अंगाचं शिवार साफ उघडं पडलं होतं. मास्तर खरंच बोलले होते, सगळी गावं सारखी. मी स्वतः जन्म काढलेलं गाव मला सापडेना! ही आमराई आपली का ती? हा नाला का तो?

आणि मग लाल दिसलं. पिवळ्या शिवारात हातरुमालाएवढा लाल तुकडा. मी मायची हनुवटी धरली, तिचं डोकं हळूहळू फिरवत त्या दिशेला आणलं. "आणखी खाली, माय. जरा इकडे. दिसलं?"

ती थांबली. "दिसनं," म्हणाली. "लाल. पण ती आपली नही. आपली मिरची आमराईना मांगे ऱ्हास. हाई तं अलीकडे शे, बर्डीवर." घराच्या उत्तरेला आमची पडीक टेकाडासारखी जमीन होती, मुरमाड, उघडी, डोंगराच्या अगदी समोर. तिला आम्ही बर्डी म्हणायचो. तिथं कुणी कधी काही पसरत नसे. "बर्डीवर कोनी पसारी?" माय स्वतःशीच म्हणाली.

चाचांनी गळ्यातली दुर्बीण काढली. मखमलीनं काचा पुसल्या आणि ती स्वतःच्या हातांनी मायच्या डोळ्यांना लावली. घड्याळाचे काटे लावावेत तशा नाजूक बोटांनी ते मधलं चाक फिरवत होते. "भाभी, बोलो कब साफ होता है." मायनं हात वर केला. चाचा थांबले.

मग माय म्हणाली, "आमराई आपली. गोठा आपला. घर... घर शे व!" ती हसली, लहान पोरीसारखी. आणि हसता हसता तिचं तोंड बदललं. दुर्बीण खाली न घेता तिनं विचारलं, "इतल्या सकायमा कोन मिरची पसारस व?"

मी खाली माझ्या ओल्या काठांकडे पाहिलं. सूर्य आत्ता कुठं वर आला होता. खाली दव अजून तसंच असणार. एवढ्या सकाळी खानदेशातला कुठलाही मिरचीवाला मिरचीवरचं गोणपाट काढत नाही. म्हणजे ती सकाळी पसरलेली नव्हतीच. ती काल पसरली होती, डोंगराकडून दिसावी म्हणून बर्डीवर वाहून नेऊन. संध्याकाळी कवडशाची वाट पाहिली होती. कवडसा आला नाही, आणि ती तशीच राहिली होती. रात्रभर. दवात.

"येडा जया तुन्हा बाप," माय म्हणाली. "रातभर दवमा ठेवी त्यानी. सगळी फटकी व्हई गयी ती." दुर्बिणीच्या खालून तिच्या गालांवर पाणी उतरत होतं आणि चाचा, ज्यांनी काचेला कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं, ते मखमलीचा तुकडा खिशात घालत होते.

मास्तर पोरांना हळूच म्हणाले, "आरसा." कवडसा खाली गेला, थरथरला, इकडेतिकडे झाला. मी मायकडून दुर्बीण घेतली. लाल तुकड्याच्या कडेला काहीतरी काळं बसलेलं होतं, मला आधी बैल वाटला. ते हललं. घोंगडी पांघरलेला माणूस उठून उभा राहिला.

"माय, आबा आहेत."

"बठेल शे का उभा ऱ्हायना?"

"उभे राहिले. आपल्याकडं बघताहेत."

"डोकाले फडकं बांधेल शे का? कानवरून? थंडीमा त्याना कान दुखतस."

"बांधलंय, माय. कानांवरून बांधलंय."

आणि माझे आबा, लग्नाचा अंतरपाट सोडून खळ्यावर गेलेले आबा, त्यांनी डोक्याचं ते फडकं सोडलं आणि हवेत हलवलं. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. मी मायला सांगत होते, आता हलवताहेत, अजून हलवताहेत, आणि ती डोंगराच्या कड्यावर उभी राहून खाली ओरडत होती, "बांध ते फडकं! कान झाक, येड्या!" नवऱ्याला चारचौघांत असं एकेरी हाक मारताना मी तिला त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वाटाड्या बाईला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं, तरी तीही तोंडाशी हात धरून डोंगरातली लांब आरोळी देत होती. मास्तर "ऐका!" म्हणाले नाहीत. एक पाखरू अगदी जवळ येऊन ओरडत होतं, मी पाहिलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

दुपार कलताना आम्ही घरी पोहोचलो. आबा खळ्यावर होते, आमराईमागं, नेहमीच्या जागी. मिरची गोळा करून झाकलेली. मी म्हटलं, "आबा, बर्डीवर मिरची कशी गेली?"

"कोनती मिरची?"

"आणि फडकं कोण हलवत होतं?"

"वांदरं हाकलत व्हतू," ते म्हणाले. आमच्या शिवारात माकड मी कधी पाहिलं नाही. मायनं काही विचारलं नाही. ती गोणपाट उचलून ढिगाशी बसली, मूठभर मिरच्या डोळ्यासमोर धरून पाहिल्या. लालावर पांढरे चट्टे. तिनं त्या पदरात घेतल्या आणि म्हणाली, "हाई मिरची बाजारमा जावाव नही. हाई मी घर खासू." आबा म्हणाले, "एवढी?" माय म्हणाली, "एवढी."

त्या सालभर आमच्या घरचं तिखट फिक्कट गुलाबी होतं. पाहुणे ताटाकडं बघायचे, मग आबांकडं बघायचे. बाजारात ही गोष्ट फुटलीच, आमच्या गावात काय झाकून राहतं? व्यापारी विचारायचे, काय हो, तुमच्या मालाला दव? दुसऱ्या कशावर आबांनी भांडण काढलं असतं. ह्याच्यावर ते नुसते खाली बघून पान जुळवायचे. माझ्या लग्नाचं मी पुन्हा काढलं नाही. काढायची गरजच उरली नाही, तो राग कड्यावरच संपला.

मायची नजर पुढे दोन-तीन पावसाळ्यांत पुरती गेली. रडली एकदाच, आमच्या नुकत्याच जन्मलेल्या पोराला हातात घेतल्यावर. बाकी तिचं तोंड होतं तसंच राहिलं. माघात मी माहेरी गेले की संध्याकाळी ती खळ्याच्या बांधावर येऊन बसायची. ऊन अंगावरून उतरलं की तिला कळायचं, दिवस बुडाला. आबा मिरची गोळा करायला लागायचे, फावड्याचा आवाज यायचा, आणि ती अगदी भोळं तोंड करून म्हणायची, "आज ऱ्हाऊ दे ना पसरेल. कोनी डोंगरवरून देखी."

"एकदाव जयं ते जयं," आबा गुरगुरायचे. "चाल, ऊठ, दव पडी ऱ्हायनं." मग ते फावडं टाकून यायचे आणि तिच्या डोक्यावरचा पदर ओढून तिचे कान झाकायचे.